गोटीतलं स्टूल

उशांना धुतलेले अभ्रे घालत होते. एक उशी झाली. दुसरी अर्धी आत, अर्धी बाहेर, हनुवटीखाली दाबून धरलेली, आणि फोन वाजला. उशी सोडावी तर पुन्हा पहिल्यापासून सगळं, म्हणून तशीच हनुवटीखाली धरून बोलले. पलीकडे संग्रहालयाच्या बाई होत्या. मी पोत्यातून बोलतेय असंच त्यांना वाटलं असेल.

"तुमचे दीर आहेत का? खालचा फोन उचलत नाहीत."

"आहेत की. कामात असतील."

"त्या कामाचंच बोलायचं होतं." बाई एरवी गोड बोलतात. आज शब्द निवडून बोलत होत्या. "जुन्या पदकांचे फोटो पाठवलेत त्यांनी. सगळे चेहरे आत गेलेत हो. पदकावर नाक वर उठलेलं असतं ना? फोटोत तिथे खड्डा आहे. कपाळ खड्डा, गाल खड्डा. मी परत पाठवले, तर पुन्हा तसेच आले. शुक्रवारपर्यंत नीट झाले नाहीत तर ट्रे घेऊन जाते. दुसऱ्या एकांना देईन काम. मला वाईट वाटतंय, पण मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. उशी सुटून खाली पडली. तेवढ्यात जमिनीखालून आवाज आला.

ठक.

आमच्या घराच्या खालच्या खोलीत धाकट्या भाऊजींचं काम चालतं. तो आवाज मला पाठ होता. खाली एक लाकडी स्टूल आहे. त्याच्या एका पायाचं रबरी बूच कधीचं निघून गेलंय, म्हणून कुणी बसलं की ते त्या पायावर कलतं, ठक करतं. उठलं की पुन्हा सरळ होतं, ठक करतं. त्या स्टुलावर माझी धाकटी जाऊ बसायची. लग्न होऊन आली तेव्हापासून भाऊजींच्या मदतीला. "अहो, बाजारात जाताय तर एक बूच आणा," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मलाच त्या बुचाचा आकार पाठ झाला होता. भाऊजी बाजारातून सगळं आणायचे, बूच सोडून.

गेल्या थंडीत धाकटी गेली. ताप छातीत उतरला आणि बघता बघता होत्याचं नव्हतं झालं. आवाज मात्र गेला नाही. मी मनाशी म्हणायचे, आता भाऊजी बसत असतील तिथे. पण भाऊजी जन्मात कधी बसून काम करत नाहीत, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी त्यावर विचार करत नव्हते. आवाज आला की देवाचं नाव घ्यायचं आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायचं.

भाऊजींना सगळे चिमटेसाहेब म्हणतात, कारण खिशात कायम चिमटा. सासूबाई सांगायच्या, लहानपणी मुलं पतंगामागे धावायची तेव्हा हा मुंगीच्या मागे रांगत जायचा. पुढे कॅमेरा हाती आला तोही मुंग्यांवरच रोखला. मग बटणं, जुनी नाणी, घड्याळाची चाकं, शिक्के, पदकं. नखाएवढ्या वस्तूचा फोटो दाराएवढा करून दाखवायचे आणि त्यावरचा ओरखडा न ओरखडा सांगायचे. माणसांचे फोटो मात्र त्यांनी काढले नाहीत. आमचे हे त्यांना डिवचायचे, "अरे, लग्नाचे फोटो काढ, वाढदिवसाचे काढ. बटणाला नातेवाईक नसतात रे, अल्बम कोण विकत घेणार?" त्यावर धाकटी खालून ओरडायची, "म्हणूनच बरंय, दादा. बटण फोटोत डोळे मिटत नाही, आणि जाड दिसलं म्हणून रुसतही नाही!"

रुसणारी ती स्वतःच होती. कॅमेरा दिसला की तोंड फिरवायची. ती गेली तेव्हा बाहेरच्या खोलीत लावायला घरात तिचा एक फोटो सापडेना. शेवटी ओळखपत्रावरचा मोठा करून लावला. तो बघून मला दर वेळी वाटतं, ही कुणी वेगळीच बाई आहे, हिचे कान तर केवढे मोठे!

तर मी खाली उतरले. खालच्या दाराला आतून काळा पडदा आहे. दाराखालच्या फटीतून उजेड येत होता. सलग येत नव्हता. टिक, उजेड. टिक, उजेड.

"थांबा वहिनी, फेरी चालू आहे," भाऊजी आतून म्हणाले. पावलांवरून ओळखतात ते.

फेरी म्हणजे काय ते धाकटीनेच मला समजावलं होतं. टेबलावर वस्तू ठेवायची. तिच्यावर एक उपडी टोपली, तिला आतून सगळीकडे बारीक बारीक दिवे. टोपलीच्या डोक्यावर भोक, त्यातून कॅमेरा खाली बघतो. कॉम्प्युटर एकेक दिवा लावतो, दर दिव्याला एक फोटो. सगळे दिवे झाले की फेरी संपली. मग ते सगळे फोटो कॉम्प्युटर एकत्र कालवतो आणि पडद्यावर अशी जादू होते की माऊस फिरवाल तिकडून उजेड येतो. दिवा डावीकडे नेलात की नाकाची सावली उजवीकडे. झिजून गेलेली अक्षरं तिरक्या उजेडात अंगावर काटा यावा तशी उठून येतात. "ताई, मेलेलं अक्षर उठवतात हे," असं ती म्हणायची, आणि स्वतःच्याच बोलण्याला हसायची.

टिकटिक थांबली. मी आत गेले. भाऊजी वाळून गेले होते. सदरा खांद्यावरून खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता. मी बाईंचा निरोप सांगितला. त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट केलं.

एका म्हाताऱ्या माणसाचा चेहरा होता, पदकावरचा. खरोखरच आत गेलेला. जणू ओल्या मातीत कुणी तोंड दाबून उचललं असावं आणि मागे फक्त जागा राहिली असावी. भाऊजींनी माऊस फिरवला. उजेड फिरला, तसा तो खड्डा हळूच वळला आणि माझ्याकडे बघायला लागला.

"पदकच असं असेल," मी म्हटलं.

त्यांनी पांढरा हातमोजा दिला. "घाला आणि बघा. नुसता हात नको, घामाचा डाग पडतो."

मोज्यातल्या बोटाने मी ते पदक चाचपलं. नाक होतं. चांगलं बाकदार, वर उठलेलं. बोटाला नाक लागत होतं आणि डोळ्याला खड्डा दिसत होता. मी हात मागे घेतला.

"ती गेल्यापासून असं होतंय," भाऊजी म्हणाले. "एकही चेहरा माझ्याकडे तोंड करत नाही. सगळे पाठ करून, आतून बघतात. भिंग बदललं. वायरी बदलल्या. कॉम्प्युटर कोरा करून सगळं पुन्हा भरलं. काही उपयोग नाही. वहिनी, ती रागावलीय का हो माझ्यावर?"

"काहीतरीच बोलू नका. रागावली असती तर तोंडावर बोलली असती. तुमच्यासारखी मूग गिळून बसणारी होती का ती?"

ते जरासे हसले. तिच्यावरून हसण्याची सवय अजून गेली नव्हती. मीही हसले, आणि त्या हसण्याच्या आधाराने विचारलं, "भाऊजी, तुम्ही त्या स्टुलावर बसता का?"

"मी? नाही. हातही लावत नाही."

"मग ठक आवाज येतो तो?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी त्या पडद्याच्या उजेडात बघितला. "मला वाटलं, तो वरून येतो. तुमच्या खुर्चीचा."

आम्ही दोघांनी स्टुलाकडे बघितलं. ते टेबलापासून हातभर अंतरावर, तिने सोडलं तिथेच होतं. बसायची जागा वापरून गुळगुळीत झालेली. त्यावर धूळ नव्हती. खोलीत बाकी सगळीकडे होती.

सासूबाई म्हणायच्या, देवापुढे दिवा लावला की आपल्या मागे सावली पडणारच, तिला भ्यायचं नसतं; ती दिव्याचीच असते. मी ते आठवत उभी राहिले. नामस्मरण ओठांवर होतं, पण खोटं कशाला बोलू, पाय दाराकडे वळत होते. भाऊजींना तसं एकटं टाकून जाणं मात्र जमेना. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "धाकटी हात कुठून घालायची हो? टोपलीला एक दार होतं ना?"

मला ते चांगलं आठवत होतं. टोपलीचा एक तुकडा कापलेला, बाजूने दरवाजासारखा. स्टुलावर बसून ती त्यातून कोपरापर्यंत हात घालायची, चिमट्याने वस्तू मांडायची, तिला दटावायची, "हं, तोंड वर कर बघू," आणि शेजारी एक काळी गोटी ठेवायची. वाटाण्याएवढी, आरशासारखी चकचकीत. ती गोटी दर फोटोत हवीच. गोटीवर दिव्याचा ठिपका जिथे चमकतो, त्यावरून कॉम्प्युटर ओळखतो की हा उजेड कुठल्या बाजूने आला. फोटो पाठवायच्या आधी भाऊजी त्यातून गोटी कापून टाकायचे. तिला कोण बघणार?

आता टोपलीला दार दिसत नव्हतं. मी वाकून पलीकडे बघितलं. दार भिंतीकडे होतं.

"हे असं कसं? भिंतीकडून कोण हात घालणार?"

"टोपली उचलतो, वस्तू ठेवतो, पुन्हा तशीच ठेवतो."

"आणि गोटी?"

"गोटी लागत नाही. दिवे हलले नाहीत की जुन्या फेरीतल्या गोटीचा हिशेब चालतो. कॉम्प्युटरला तेवढं सांगायचं." हे त्यांनी फार भराभर सांगितलं. मग थांबले. टोपलीकडे बघत राहिले. दाराकडे, भिंतीकडे, पुन्हा दाराकडे. आणि खालीच बसले, जमिनीवर.

"मी फिरवली, वहिनी," ते म्हणाले. "टोपली मीच फिरवली. दार भिंतीकडे केलं. म्हणजे डावीकडचे दिवे उजवीकडे गेले आणि कॉम्प्युटर अजून त्यांना डावीकडचेच समजतोय. सगळं उलटंच होणार. उंच ते खोल होणार. नवशिक्यालाही कळेल हे."

"मग तुम्हाला कसं कळलं नाही?"

"कळलं होतं की नव्हतं, तेच सांगता येत नाही. सगळं बदलून बघितलं, तेवढ्या एका गोष्टीकडे मन जातच नव्हतं."

"पण फिरवली कशाला?"

ते उठले आणि कॉम्प्युटरवर एक फोटो उघडला. धाकटी गेल्यानंतर ते पहिल्यांदा कामाला उभे राहिले त्या दिवसाचा. एक शिक्का होता, शेजारी गोटी. त्यांनी गोटी मोठी केली, आणखी मोठी केली. काळ्या गोलात सगळी खोली उतरली होती, वाकडी होऊन, चमच्याच्या पाठीवर घर उतरतं तशी. कडेला टोपलीचं दार, आणि दारापलीकडे स्टूल. दारासमोरचा एक दिवा लागला होता, त्याचा उजेड दारातून बाहेर सांडला होता.

स्टुलावर कुणीतरी होतं. चेहरा नव्हता, फिकट डाग होता. पण मान एका बाजूला कललेली. सुईत दोरा ओवताना कलते तशी. ती मान मी कितीतरी वर्षं स्वयंपाकघरात शेजारी बघितली आहे. मी डोळे मिटले आणि उघडले. होतीच.

"म्हणून घाबरून फिरवलीत," मी म्हटलं.

"नाही हो. दिसली म्हणून नाही घाबरलो. दिसली तेव्हा तर मला एकदम गरम पाण्याने आंघोळ केल्यासारखं वाटलं." त्यांचा आवाज बारीक झाला. "पुन्हा लावली आणि नाही दिसली, तर? नुसतं स्टूलच दिसलं, तर? म्हणून दार भिंतीकडे केलं. म्हणजे बघायलाच नको."

शिकवण मला पुष्कळ पाठ आहे, आत्मा अमर आहे वगैरे. पण रिकाम्या स्टुलाची भीती वाटणाऱ्या माणसापुढे ते बोलवेना. मनात मात्र एक गोष्ट आली आणि ती तोंडातून निघून गेली.

"भाऊजी, आणि आधीच्या फोटोंत?"

"आधीच्या कुठल्या?"

"ती होती तेव्हाच्या. तेव्हाही गोटी असायचीच की."

मोत्यासाठी दिवस दिवस खोल पाण्यात बुड्या मारायच्या आणि मोत्यांची माळ आपल्याच गळ्यात, तसं झालं. त्यांनी जुनी नाणी उघडली. दर नाण्याशेजारी गोटी, आणि दर गोटीच्या कडेला, समोरचा दिवा लागला त्या एका फोटोत, ती. बटणात ती, घड्याळाच्या चाकात ती. जांभई देणारी. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणारी. पाठीला हात लावून बसलेली. एका शिक्क्याशेजारी तोंड भरून हसणारी, कारण तेव्हा बहुधा आमचे हे दारातून काहीतरी बोलले असणार. कॅमेऱ्यापुढे तोंड फिरवणारी बाई, आणि कॅमेऱ्याने तिला रोज, तिच्या नकळत, वाटाण्याएवढं करून ठेवलं होतं. भाऊजी एकेक फोटो बघत होते आणि डोळे पुसत नव्हते. वाहू देत होते.

वर गेले तेव्हा मी ह्यांना सगळं सांगितलं. स्टुलाचं सोडून. हे म्हणाले, "नाकापेक्षा मोती जड ऐकलं होतं, ह्याने तर नाकच बुडवलं," आणि मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजींनी मला पुन्हा बोलावलं. टोपलीचं दार स्टुलाकडे वळवलेलं होतं. म्हाताऱ्याचं पदक मांडलेलं. गोटी त्यांच्या तळहातावर होती.

"वहिनी, तुम्ही बसता का स्टुलावर? फेरी होईपर्यंत."

बसले असते मी. भीती वाटत होती, पण बसले असते. तरी विचारलं, "तुम्हाला काय हवंय? स्टुलावर कुणीतरी बसलेलं असावं, की रिकामं ठेवून एकदा बघून टाकावं?"

त्यांनी गोटी चिमट्यात धरली. "नको," ते म्हणाले. "एकदा बघायलाच हवं. असेल तसं."

त्यांनी दारातून हात घातला, पदकाशेजारी गोटी ठेवली आणि पुटपुटले, "तोंड वर कर बघू." मग दिवा मालवला. मी दाराच्या पडद्यापाशी भिंतीला टेकून हात जोडून उभी राहिले. टिक, उजेड. टिक, उजेड. दर उजेडाला खोली जरा दिसायची आणि विझायची. मी स्टुलाकडे बघितलं नाही. देवाचं नाव घेत जमिनीकडे बघत होते.

फेरी अर्ध्यावर आली असेल.

ठक.

भाऊजी हलले नाहीत. मीही हलले नाही. टिकटिक चालू होती. ती संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो.

मग कॉम्प्युटरने फोटो कालवले आणि म्हातारा वर आला. बाकदार नाक, जाड भुवया, हनुवटीवरची खळी. उजेड फिरवला तशी सावली जिकडे पडायची तिकडे पडली. कुणाचा तरी रुसवा निघावा तसा तो चेहरा आमच्याकडे बघत होता. भाऊजींनी सुस्कारा सोडला, पण तिथे थांबले नाहीत. गोटी उघडली.

समोरचा दिवा लागलेला फोटो. दार, त्यापलीकडे स्टूल. स्टुलावर कुणी नव्हतं.

ते फार वेळ बघत राहिले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एवढ्या वर्षांत दिराच्या पाठीवर हात ठेवायची वेळ आली नव्हती.

"रिकामं आहे," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. मग पुढे वाकले. "थांबा." त्यांनी फेरीतला पहिला फोटो घेतला, शेवटचा घेतला, दोन्ही शेजारी लावले आणि स्टुलाच्या कडेवर बोट ठेवलं. "हे बघा. पहिल्यात बसायची जागा या बाजूला झुकलीय. बूच नसलेल्या पायावर. शेवटच्यात सरळ आहे."

केसभराचा फरक होता. मला एकटीला तो कधीच दिसला नसता. त्यांनी मधले फोटो एकेक करून लावले. झुकलेलं, झुकलेलं, झुकलेलं. मग एका फोटोपासून सरळ, आणि पुढे सगळ्यांत सरळ.

"कुणी बसलं असलं की ते कलतं," भाऊजी सावकाश म्हणाले. "उठून गेलं की सरळ होतं."

खोलीत पदकांचा ट्रे होता, त्यात अजून बरेच चेहरे वाट बघत होते. त्यांनी पुढचं पदक चिमट्यात घेतलं.

शुक्रवारी बाई ट्रे न्यायला आल्या त्या नवा ट्रे देऊन गेल्या. जिन्यातूनच ओरडल्या, "नाकं आली हो सगळ्यांना!" हे म्हणाले, "आता शिंका येऊ नयेत म्हणजे मिळवली."

बाहेरच्या खोलीतला मोठ्या कानांचा फोटो काढून तिथे हसणारा लावलाय. गोल आहे, कडा जरा वाकड्या आहेत, पण तीच आहे. मी सकाळी देवाला दिवा लावते तेव्हा तिच्याकडे बघून मान हलवते. खालून आवाज येत नाही. मी कान देऊन ऐकते, तरी नाही. स्टुलावर आता बाकी खोलीएवढीच धूळ बसते, ती भाऊजी स्वतः पुसतात. माझा दुसरा अभ्राही घालून झाला.

आत्ता भाऊजी पायात चपला घालून जिन्याशी उभे आहेत, काही आणायचं का विचारताहेत. स्टुलाच्या पायाचं रबरी बूच आणायला निघालेत.